पर्वणी नसताना समुद्र

तिशीतली मी फार शहाणी होते. आज ती बाई कुंभकोणमच्या बाजारात समोरून आली, तर मी वाट बदलीन.

या शहाणीने एकदा आठ वर्षांच्या लेकीला दोन बस बदलून तरंगंबाडीला समुद्र दाखवायला नेलं. लेकीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. चपला टाकून ती धावत सुटली, तशी मी तिची वेणी धरली. "थांब! आज ना अमावास्या, ना पौर्णिमा. पर्वणीशिवाय समुद्राला शिवायचं नसतं." हा आमच्या घरचा नियम. सासूबाई सोबत नव्हत्या, त्यांनी नंतर विचारलंही नसतं. पण मला त्यांच्यापेक्षा कडक व्हायचं होतं ना! परतताना पोर मायावरमपर्यंत रडली. चकलीसारख्या मुरुक्कूला तिने हात लावला नाही, म्हणून तिच्या वाटचेही मीच खाल्ले.

फळ मिळालं. लेक माझ्याहून कडक निघाली. आता पन्नाशी उलटली, तरी फोनमध्ये पंचांग बाळगते.

गेल्या वर्षी तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या नातीने, आम्हां दोघींना तैवानला बोलावलं. नात तिथे इंजिनियर आहे. दहा दिवसांचा बेत तिने कागदावर लिहून काढला होता : शहरं, देवळं, शेवटी दक्षिणेचा किनारा. माझा बेत एका ओळीचा होता. लेकीला हाताला धरून समुद्रात न्यायचं. पंच्याहत्तरी गाठली आहे. पुन्हा कोण मला विमानात बसवणार?

विमानातच विषय काढला. लेकीने पंचांग उघडलं. "अमावास्या आपण परतल्यावर आहे."

"असू दे की."

"आई, तूच शिकवलंस. आता तूच मोडतेस?"

मी खिडकीतून ढग बघत बसले.

तैपेईत संध्याकाळी रस्त्यावर गोड वाद्य वाजू लागलं. आमच्या गावात असं वाजलं की देवाची पालखी आलेली असते. मी लगबगीने खाली उतरले, हात जोडून उभी राहिले. शेजारपाजारचे लोकही पिशव्या घेऊन धावत आले. केवढी भक्ती, वाटलं मला. पिशव्या गाडीत पडू लागल्या तेव्हा कळलं, ती कचऱ्याची गाडी होती. लेक इतकी हसली की जिन्यातच बसली. मला बरं वाटलं. हसणारं माणूस वळवायला सोपं.

पुढे आगगाडीने ताइनान. तिथे समुद्राच्या देवीचं देऊळ आहे, आणि तिथे कौल लावतात. लाल लाकडाचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. मी दोन्ही तुकडे हातात घेऊन देवीला सगळं सांगू लागले.

नात कानाशी आली. "आजी, तिला मराठी कळतं?"

"देवी आहे ती. आपलं तंजावरी मराठी फक्त पुण्याच्या लोकांना कळत नाही."

दोन्ही तुकडे उताणे पडले. नात म्हणाली, "देवी हसते आहे. प्रश्न नीट विचार." पुन्हा टाकले, पुन्हा उताणे. तिसऱ्यांदा सरळच विचारलं, "आम्ही मायलेकी तुझ्या पाण्यात येऊ का?" एक पालथा, एक उताणा!

मी लेकीकडे वळले. ती म्हणाली, "तू विचारलंस, तुला मिळाला. माझं मी बघेन."

दोन दिवसांनी किनारा आला. पाणी निळंशार, वाळू पांढरी, दुपारचं लख्ख ऊन. लेक कोरड्या वाळूवर बूट घालून उभी. "आई, घोट्याच्या वर जायचं नाही."

मी पदर खोचला आणि गेले. घोटा, पोटरी, गुडघा. मागे पाहिलं. ती तिथेच. एवढ्यात एक लाट आली. खरं सांगते, लाट बेताचीच होती. मी मात्र आडवी झाले.

"आई गं!"

ती बुटांसकट धावत आली, मला दंडाला धरून ओढू लागली. मीही तिला ओढलं, आणि माझं बळ तिने हिशेबात धरलं नव्हतं. ती धपकन माझ्या शेजारी बसली. पुढच्या लाटेने तिचं डोकं भिजवलं.

"तू मुद्दाम पडलीस."

"हो."

"पंच्याहत्तर वर्षांची आहेस तू!"

"तेव्हा तिशीची होते आणि अक्कल नव्हती. चुकलं माझं. तुला जाऊ द्यायला हवं होतं."

ओठांवरचं खारं पाणी तिने जिभेने चाखून पाहिलं, अगदी लहान पोरासारखं. मग ओंजळ भरून माझ्या तोंडावर मारली. मीही मारली. काठावरचे दोन पर्यटक आमचे फोटो काढू लागले, तरी थांबलो नाही.

नातीने हाक मारली, "चला, बस येईल!"

"जाऊ दे तिला," लेक ओरडली.

ती बस गेली. पुढचीही गेली.