गांजामुक्त गावाचा बेलभंडारा

माझं दुकान मळवली स्टेशनातून भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी गल्ल्यावर बसून मी जे बघतो, ते बघून माणसाला जेवण जाऊ नये. गाड्या येतात, काचा खाली होतात, आतून गोडसर जळका वास बाहेर पडतो आणि कुणीतरी गांजाची सिगारेट वळायचे लांब पातळ कागद मागतं. ते मी ठेवतो. चिप्सच्या पुड्यांपेक्षा जास्त खपतात. तेव्हा हे सगळं कुणा साधुसंतानं लिहिलंय असं समजू नका.

आमच्या गावात कोण ओढतं हे विचारण्यापेक्षा कोण ओढत नाही ते विचारावं, यादी लवकर संपेल. भाड्यानं द्यायचे बंगले सांभाळणारी पोरं पाहुण्यांना माल आणून देतात आणि उरलासुरला स्वतः ओढतात. सोमवारी सकाळी ओढ्याकाठी फुटक्या बाटल्या, अर्धवट जळकी थोटकं आणि कुणाची तरी ओकारी पडलेली असते. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. गावाला बंगल्यांवर पोट भरायचं होतं आणि बंगल्यांना पाहुणे हवे होते.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि हे बदललं. म्हणजे ओढणं नाही बदललं, बोलणं बदललं. झालं असं की एका उमेदवारानं तळेगावातल्या सभेत सहज म्हटलं, परदेशात आता गांजाची रीतसर शेती होते, त्याचं औषध करतात, आपल्याकडेही सरकारनं विचार करायला हरकत नाही. पुढच्या तासाभरात त्याचा तेवढाच तुकडा कापून सगळ्या मोबाइलवर फिरला. विरोधातल्या उमेदवाराला आयतं कोलीत मिळालं. हा विरोधातला उमेदवार पेशानं वकील. वडगावच्या कोर्टात, बंगल्यांवर पुड्यांसकट सापडलेल्या पोरांना जामिनावर सोडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पोरांचे बाप मोठ्या गाड्यांतून यायचे आणि हसतमुखानं परत जायचे. आता याच वकीलसाहेबांचे हात जोडलेले फोटो स्टेशनापासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत लागले आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘गांजामुक्त मावळ, हाच आमचा शब्द’. मला पहिल्यांदा हसू आलं. मग फलक बांधणाऱ्या पोराकडे पाहिलं तर त्याचे डोळे तांबारलेले होते, तोंडाला तोच वास येत होता. त्यानं दोरी मागितली, मी दिली.

पहिला उमेदवारही काही कमी नव्हता. दोन दिवस तो औषधाचं, रोजगाराचं समजावत फिरला. मतं जायला लागली तशी त्यानंही कोलांटी मारली आणि जाहीर केलं की मी निवडून आलो तर गांजेकसाला फोडून काढीन. अक्कल गहाण ठेवायची तर दोघांनी एकाच दुकानात ठेवली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात शब्द पक्का करायचा असेल तर देवळात बेलभंडारा उचलतात. हळदीचा भंडारा आणि बेलाचं पान ओंजळीत घ्यायचं आणि देवासमोर बोलायचं. ते मोडलं तर घर बसतं, असा समज. जमिनीची भांडणं याच्यावर मिटलेली मी पाहिली आहेत. अलीकडे मात्र निवडणुकीत मतं पक्की करायला पुढारी तो उचलायला लावतात आणि लोकही एका आठवड्यात दोघातिघांसाठी उचलतात. त्या भंडाऱ्याची मला कीव येते.

वकीलसाहेबांच्या डोक्यात आलं की आमचं गाव ‘पहिलं गांजामुक्त गाव’ म्हणून जाहीर करायचं. सगळ्या गावानं भैरवनाथाच्या देवळात बेलभंडारा उचलायचा की आम्ही गांजाला शिवत नाही आणि शिवणार नाही. मोबाइलवर सगळं थेट दाखवायचं. दवंडीसारखी रिक्षा फिरली. मीही गेलो. आम्ही मुसलमान, पण देवळाच्या पायरीवर बसून गावाचं ऐकायची आमच्या घराची पूर्वापार जागा आहे. वकीलसाहेब मला म्हणाले, ‘‘भाई, तुमचं आपलं तोंडी चालेल.’’ नंतर त्यांना माझी तोंडीही आठवण झाली नाही, हे बरंच झालं.

मग सुरू झाला तमाशा. बंगल्यांवर माल पोचवणारे तिघे सगळ्यांत पुढे. ओंजळी भरभरून भंडारा उचलला, मोठ्यानं बोलले, कपाळाला लावला, मोबाइलकडे बघून हसले. त्यांच्यामागे रांग. एकाची तर बोलताना जीभ जड झाली होती, शेजारच्यानं त्याला दंडाला धरून उभं केलं होतं. त्यानंही उचलला. मला तिथं बसवेना. बायका दाराशी उभ्या होत्या. कोण काय ओढतं हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत? त्या पदर तोंडाला लावून रांगेकडे बघत होत्या.

रांगेत आबांचा नंबर आला. आबा म्हणजे माझ्या दुकानासमोरच राहणारे म्हातारे गृहस्थ. मुलगा गेला, सून बंगल्यांवर धुणीभांडी करते, घरात दोघंच. देऊळ झाडणं त्यांच्याकडे, आणि चैत्राच्या यात्रेत पालखी पहिल्यांदा खांद्यावर घ्यायचा मान त्यांच्या घराचा. हेच आबा रोज भजन आटोपलं की देवळामागच्या चौथऱ्यावर बसून चिलीम ओढायचे. कुठलासा बैरागी वर्षातून दोनदा यायचा, तो देऊन जायचा. आबांनी कधी कुणाला विकला नाही. मागितला तर शिवी द्यायचे.

आबा पुढे आले, ताटलीतल्या भंडाऱ्याकडे बघितलं आणि हात मागे बांधले.

‘‘उचला आबा,’’ वकीलसाहेब म्हणाले.

‘‘कसा उचलू? मी वढतो की.’’

‘‘आता सोडायचा. तेच तर बोलायचंय.’’

‘‘आज रातीबी वढंन. सुटत न्हाई मला. त्याच्याम्होरं कसं खोटं बोलू? त्यो बघतोय न्हवं.’’

कुणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, ‘‘उचल की म्हाताऱ्या, आमी काय खरं बोललो व्हय!’’ आणि सगळं देऊळ हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत, कारण मोबाइल चालूच होता. म्हाताऱ्याचं ‘मी वढतो’ जगभर गेलं होतं. एवढ्या गावात एकच माणूस देवाला भिणारा निघाला आणि त्यानंच गांजामुक्त गावाचा विचका केला.

मी आबांना घरी जाताना म्हटलं, ‘‘आबा, उचलून टाकायचा होता. सगळ्यांनी उचलला.’’ तर म्हणाले, ‘‘सगळ्यास्नी देव लागत न्हाई, भाई.’’ आणि पायातली वहाण दारात सोडून आत गेले.

तीन दिवसांनी सकाळी सकाळी पोलिसांची गाडी आबांच्या दारात उभी राहिली. कुणी खबर दिली ते सांगायला नको. उशाखाली आगपेटीत मावेल एवढी पुडी आणि चिलीम सापडली. आबांनी विचारायच्या आत स्वतःच काढून दिली होती. त्यांना बाहेर आणलं तेव्हा वकीलसाहेबांची दोन पोरं मोबाइल घेऊन तयारच होती. सून भांडी घासायला गेली होती, ती धावत आली तोवर गाडी गेली होती. दुपारपर्यंत माझ्याही मोबाइलवर तो फोटो आला. दोन हवालदारांमध्ये आबा, अंगात बंडी, कोपऱ्यात वकीलसाहेबांचा हसरा चेहरा आणि वर लाल अक्षरांत, ‘गांजा विकणारा अखेर गजाआड. करून दाखवलं!’

विकणारा! त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. ज्यांनी तो फोटो मला पाठवला त्यांतले दोघे आदल्या शनिवारीच माझ्याकडून कागदाची पाकिटं घेऊन बंगल्यावर गेले होते. मी त्यातल्या एकाला फोन केला आणि जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तो म्हणाला, ‘‘भाई, इलेक्शन हाय, एवढं काय मनावर घेता?’’

आबांना दुसऱ्या दिवशी वडगावला कोर्टात नेलं. पुडी लहान होती, जामीन झाला. जामिनाला मी उभा राहिलो. परत येताना आबा रिक्षात एकच गोष्ट विचारत होते. फोटोचं त्यांना काही नव्हतं, खटल्याचंही नव्हतं.

‘‘पालखीचं काय म्हन्त्याती?’’

मी म्हटलं, पालखीचा आणि याचा काय संबंध. पण संबंध लावणारे बसलेलेच होते. वकीलसाहेब निवडून आले, चांगल्या मतांनी आले. विजयाच्या रात्री बंगल्यांच्या रस्त्यावर डीजे लागला, आणि धुरात मला माझं दुकान दिसेना. तो धूर फटाक्यांचा होता असं म्हणू. दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या कागदाचं एकही पाकीट उरलं नव्हतं. मी पुन्हा मागवणार नव्हतो. मग मागवलं. दुकान आहे, काय करणार.

यात्रेच्या आधी कमिटीची बैठक झाली. गांजाच्या केसमधल्या माणसाच्या खांद्यावर देव देणं गावाला शोभत नाही, असं एकमतानं ठरलं. मान आबांच्या चुलत पुतण्याकडे गेला. देवळात सगळ्यांत भरभरून भंडारा उचलणाऱ्या तिघांपैकी तो एक. आबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कमिटीच्या अध्यक्षाला एवढंच विचारलं, ‘‘बरं. पण दारात तर थांबंल न्हवं?’’

कारण मान कुणाचाही असो, पालखी आमच्याकडे प्रत्येक दारात थांबते. ती टेकवतात, घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, नारळ देते, मग पालखी पुढे. आमच्या दारातही थांबते, माझी बायको पाणी घालते, हे माझ्या आजोबांपासून चालत आलंय. अध्यक्ष म्हणाले, ‘‘बघू.’’ आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तेवढ्या शब्दावर म्हाताऱ्यानं चिलीम सोडली. मी खोटं लिहीत नाही. अंगाला कापरं भरायचं, झोप नाही, सून सांगायची की भिंतीला डोकं लावून बसतात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. देवानं दारात यावं एवढ्यासाठी सोडली.

यात्रेच्या दिवशी सुनेनं दार सारवलं, रांगोळी काढली. आबा धुवट धोतर नेसून उंबऱ्यापुढे उभे. ढोल वाजत पालखी आली. आमच्या दारात टेकली. बायकोनं पाणी घातलं. पुतण्या माझ्यापासून हातभरावर होता. त्याच्या तोंडाला असा वास होता की बायकोनं मान फिरवली. तेच वासाचं तोंड देवाच्या दांड्याला टेकलेलं.

मी त्याला म्हटलं, ‘‘समोर थांबायचं.’’

‘‘कमिटीचं ठरलंय, भाई.’’

‘‘तुझा चुलता आहे तो.’’

‘‘माझ्या हातात काय हाय?’’ तो म्हणाला. हातात तर त्याच्या पालखी होती. त्यांनी ती उचलली, रस्त्याच्या मधोमध नेली, ढोलवाल्यानं मुद्दाम जोरात वाजवलं आणि आबांच्या दारावरून पुढे गेले. कुणी तिकडे बघितलं नाही. सून तांब्या घेऊन दोन पावलं पालखीमागे धावली, मग थांबली. मला त्या सगळ्या गावाची, आणि नारळ हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या स्वतःची इतकी किळस आली की नारळ मी तिथंच ओट्यावर टाकला. आबा मात्र हात जोडून उभेच होते, पालखीच्या पाठीला बघत.

पालखीमागे अडकलेल्या गाड्या सुटायला लागल्या. त्यातली एक मुंबईची गाडी माझ्यापुढे थांबली. पंचविशीचा एक मुलगा उतरला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. तोच फोटो होता. बंडीतले आबा, दोन हवालदार, लाल अक्षरं.

‘‘अंकल, इथं यांच्याकडे चांगला माल मिळतो ना? घर कुठलं?’’

मी म्हटलं, ‘‘गाडीत बस आणि चालता हो.’’ पण त्यानं तोवर मान वळवून समोर बघितलं होतं. त्याचा चेहरा खुलला. रस्ता ओलांडून तो आबांपुढे गेला, डोळा मिचकावून त्यानं पाचशेची नोट आबांच्या जोडलेल्या हातांत कोंबली आणि वाट बघत उभा राहिला.

आबांनी नोट बघितली. यात्रेला आलेले पाहुणे जाताजाता देवाला काहीबाही टाकतात. त्यांनी ती नीट घडी करून मुलाच्या हातात परत दिली आणि रस्त्याकडे बोट केलं.

‘‘हितं नगं, बाळा. देव हितं थांबला न्हाई. म्होरं गेलाय, तितं दे.’’