कीथ ऑर्मरॉड: अकरा लाल कार्डं आणि एक वाक्य

कीथ ऑर्मरॉडला रेफरीने पहिल्यांदा मैदानाबाहेर काढलं, तेव्हा फुटबॉलचा सामना सुरू होऊन चाळीस सेकंदंही झाली नव्हती. प्रेक्षकांतले निम्मे लोक अजून आपली जागा शोधत होते. कुणाच्या हातातल्या गरम पॅटिसचा पहिला घासही घेऊन झाला नव्हता, आणि इकडे कीथ शर्ट झटकत खेळाडूंच्या बोगद्यातून खाली निघालाही होता.

स्कार्थ हे मासळीचं बंदर. कीथ चौदाव्या वर्षापासून तिथे धक्क्यावर बर्फातल्या माशांच्या पेट्या उतरवत होता. खांदे दारात मावत नसत. तेविसाव्या वर्षी गावच्या क्लबाने त्याला बचावफळीत उभं केलं आणि पुढची अकरा वर्षं समोरच्या संघांचे आघाडीवीर स्कार्थला यायचं म्हटलं की दुखण्यांची सोंगं करू लागले. अकरा लाल कार्डं झाली, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'स्कार्थचा खाटीक' ठेवलं. गाव मात्र त्याच्यावर जीव ओवाळून टाकायचं. शनिवारी तीन वाजता त्याने पहिला घाव घातला की आठ हजार गळे एकदम फुटत, आणि त्या आवाजाने त्याच्या अंगावर असा काटा येई की पुढच्या शनिवारपर्यंत तो उतरत नसे.

त्याची एक रीत होती. सामना सुरू व्हायच्या आधी तो समोरच्या खेळाडूजवळ जाऊन उभा राही आणि काहीच बोलत नसे. नुसता बघे. पापणी न हलवता. अर्धं काम तिथेच होऊन जाई.

मग एका फेब्रुवारीत नेव्हिल पास्क नावाचा बावीस वर्षांचा पोरगा समोरच्या संघाकडून खेळायला आला. बारीक अंगाचा, उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा पळणारा. कीथच्या बघण्याला तो घाबरला नाही, उलट हसला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने कीथला तीनदा चकवलं. चौथ्या वेळी कीथ चिखलातून घसरत गेला. चेंडू निसटला, पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या बाकांपर्यंत गेला म्हणतात. नेव्हिलला स्ट्रेचरवर घालून नेत असताना स्कार्थचे लोक ओरडत होते, आणि कीथने त्यांच्याकडे बघून मूठ वर केली.

नेव्हिल पुन्हा कधी खेळला नाही. कीथ आणखी पाच वर्षं खेळला. मग गुडघ्याने दगा दिला, आणि चौतिसाव्या वर्षी तो परत धक्क्यावर आला, मुकादम म्हणून.

पाच वर्षांनी तिथेच त्याला जूडिथ कोल भेटली. ही बाई चित्रपट काढायची. चित्रीकरणासाठी बंदर बघायला आली होती. एका ट्रकवाल्याने वाटेत गाडी आडवी लावली होती आणि चार माणसांशी तो हुज्जत घालत होता. कीथ गेला, समोर उभा राहिला, हाताची घडी घातली. ट्रकवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, चूपचाप गाडीत चढला आणि ट्रक मागे घेतला.

जूडिथ धावतच त्याच्याजवळ आली. त्याला नाव विचारलं, आणि लगेच विचारलं की आपल्या चित्रपटात काम करशील का. कीथला वाटलं बाई टिंगल करतेय. त्याने तिला मासे विकत घ्यायचे असतील तर लिलाव सकाळी सहाला असतो, एवढं सांगितलं.

घरी येऊन त्याने बायकोला, मॉरीनला, हा किस्सा हसत हसत सांगितला. मॉरीन हसली नाही.

"तिचं नाव-पत्ता घेतलास का?"

"मला वाचता तरी येतं का धड? पानभर संवाद असतात तिथे."

"मला येतं ना," मॉरीन म्हणाली. "कोट घाल. बाई अजून गावात असेल."

आणि खरंच, बाई हॉटेलात सापडली.

मग आठवडाभर ऑर्मरॉडांच्या घरात एकच गोंधळ. जेवणाच्या टेबलावर मासे, बटाट्याच्या चिप्स, व्हिनेगरची बाटली आणि मध्ये ती संवादांची वही. मॉरीन एकेक ओळ मोठ्याने वाची आणि कीथ खोलीत येरझारा घालत ती कानाने पाठ करी. पायांना चाल सापडली की शब्द आपोआप येत. शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारी, भांडण चाललंय का. मॉरीन सांगे, नाही, सिनेमा चाललाय.

भूमिका होती एका गुंडाच्या उजव्या हाताची. पहिल्याच दिवशी त्याने नायकासमोर उभं राहून नुसतं बघायचं होतं. त्याने बघितलं. नायक लंडनचा नावाजलेला नट, तो आपलं वाक्य साफ विसरला. पुन्हा घेतलं, पुन्हा विसरला. दिव्यांची माणसं तोंड दाबून हसू लागली, आणि कीथच्या अंगावर तोच काटा आला जो शनिवारी तीन वाजता येई. त्या दिवशी तो शीळ घालत घरी आला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र घोडं अडलं. कीथच्या पात्राने ज्या माणसाला अपंग केलेलं असतं, त्याच्या खाटेशी उभं राहून कीथला फक्त एवढं म्हणायचं होतं, 'चुकलं माझं.' दोन शब्द. सकाळपासून दुपारपर्यंत सतरा वेळा घेतलं. कधी आवाज चढे, कधी तो रडवेला चेहरा करी, आणि ते बघून त्याची त्यालाच लाज वाटे. शेवटी जूडिथने काम थांबवलं.

"मिस्टर ऑर्मरॉड, हे तुम्ही कधी कुणाला म्हणालाय का?" तिने विचारलं.

कीथ तसाच उठला. गाडी काढली आणि थेट नेव्हिल पास्कच्या गावी गेला. नव्वद मैल. नेव्हिलचं स्क्रू-खिळ्यांचं दुकान होतं. तो काउंटरमागे एका म्हातारीला कडी-कोयंडा दाखवत होता. म्हातारी गेल्यावर त्याने वर पाहिलं.

"खिळे हवेत?" नेव्हिल म्हणाला.

"नको."

"मग दारावरची पाटी फिरव, 'बंद' कर. चहा टाकतो."

तो लंगडत आत गेला. कीथच्या अंगाला घाम फुटला. परक्या मैदानांवर हजारो लोक विरुद्ध ओरडत असताना कधी फुटला नव्हता.

दोन कप समोर आले. नेव्हिलच आधी बोलला. "पायाचं काही नाही रे. चिखल होता. तू उशिरा पोचलास, मी तिरका वळलो. खेळात होतं. पण तू मूठ वर केलीस. मी स्ट्रेचरवरून बघितली."

"केली."

"का?"

कीथने कप बशीत फिरवला. "लोक ओरडत होते. मला वाटलं, माझ्यासाठी ओरडतायत." मग म्हणाला, "चुकलं माझं, नेव्हिल."

"दहा वर्षं लागली होय रे तुला?" नेव्हिलने त्याच्या कपात न विचारता साखर टाकली. "मी माफ केलं असं गावभर सांगत फिरू नकोस. अजून ठरवलं नाही मी. चहा पी, गार होतोय."

कीथने त्याला सिनेमाचंही सांगितलं. सांगितलं नसतं तर चोरी झाली असती, असं त्याला वाटलं. नेव्हिल खो खो हसत सुटला. खाटीक, सिनेमात! दोन तिकिटं पाठव म्हणाला, पुढच्या रांगेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला ते वाक्य झालं. कीथने आवाज चढवला नाही, चेहरा केला नाही. हात कुठे ठेवायचे ते न कळलेल्या माणसासारखा उभा राहिला आणि दोन शब्द बोलला. दिव्यांच्या माणसांपैकी कुणी हसलं नाही.

चित्रपट लागला तेव्हा स्कार्थच्या थिएटरपासून रांग पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेली. धक्क्यावरचे लोक कोट-टाय घालून आले, तरी माशांचा वास लपत नव्हता. पडद्यावर कीथचा चेहरा दिसला मात्र, सगळं थिएटर पायांनी जमीन बडवू लागलं. आणि पडद्यावरच्या कीथने पहिला ठोसा मारताच पुढच्या रांगेतून एक माणूस काठी उगारून उभा राहिला.

"रेफरी! बाहेर काढा त्याला!" नेव्हिल ओरडला.

अख्खं थिएटर हसून कोसळलं. शेजारी बसलेल्या कीथने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो हसतोय की रडतोय, ते मॉरीनलाही कळेना. खाटेजवळचा प्रसंग आला तेव्हा नेव्हिल मुकाट बसला होता. दिवे लागल्यावर त्याने कीथच्या गुडघ्यावर, त्या खराब गुडघ्यावरच, काठी हलकेच टेकवली आणि म्हणाला, "बरं केलंस काम."

बाहेर लोकांनी कीथला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो चौघांनाही पेलवला नाही.

त्यानंतर त्याने चौदा चित्रपट केले. नऊमध्ये तो मेला. दुसऱ्या चित्रपटाची वही आली तेव्हा मॉरीनने पाकीट टपालवाल्यासमोरच फोडलं आणि दारात उभ्याउभ्या वाचायला लागली.

"या वेळी तू पाद्री आहेस."

"मारामारी आहे?"

"आहे एक. पण तुलाच मारतात."

कीथने डोकं खाजवलं, खुर्ची बाजूला सारून खोलीत जागा केली आणि म्हणाला, "वाच पहिलं वाक्य."