बडनेऱ्याहून येणारे काका

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हा छापलेला एक जुना इतिहास आम्ही काही जण अमरावतीत रेकॉर्ड करत होतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी. आमच्यातले एक काका दर रविवारी बडनेऱ्याहून यायचे. त्यांची सगळी नोकरी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात झाली होती. माईकपुढे बसताना हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवायचे आणि लढाई असो की दुष्काळ, एकाच संथ सुरात वाचायचे. "काका, लढाई कोणत्या फलाटावर?" असं कोणी चिडवलं की नुसते हसायचे.

माझ्या वाट्याला आलेल्या प्रकरणात एका जहागीरदाराच्या बायकोचं आजारपण होतं, मग तिचा मृत्यू. माझी पत्नी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते पान आलं की मी भराभर वाचून संपवायचो आणि शब्द गिळले जायचे. शेवटी म्हणालो, "काका, एवढं पान तुम्ही वाचा. मी थकलो."

"वाचतो न. पण तुमी धावून काहून राहिले, सर? गाडी तर जाणारच हाय. सांगणाऱ्यानं घाई करू नाही. फलाटावर कोणीतरी आयकून राह्यते."

मग वाचायला मलाच लावून ते समोर बसले, तळहात वर धरून. वाक्य संपलं की हात हळूच खाली आणत, आणि मगच मी पुढचं वाचत असे. शेवटच्या शब्दानंतर मात्र हात वरच राहिला. रेकॉर्डिंग चालूच होतं.

रेकॉर्डिंग नीट करताना प्रकरणांच्या शेवटची रिकामी जागा मी नेहमी कापतो. या प्रकरणाची तेवढी ठेवली आहे.