आईचा गडवा आणि बॅटरीचं अॅसिड

नववीत असताना माझ्या अंगात रसायनशास्त्र शिरलं. पुस्तकात लिटमस कागदाचं वर्णन होतं, पण शाळेत तो कागद नव्हता. मी वहीची पानं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली. चुन्याचं पाणी लागलं की पान लाल, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. राख, धुण्याचा सोडा, चिंच, ताक, साऱ्यांची परीक्षा घेऊन झाली. आई म्हणायची, "भाजीपेक्षा कागदालेच हळद जास्त लागून राहिली."

दिवाळीच्या तोंडावर पितळेची भांडी घासायचं काम माझ्याकडे आलं. पितळ चिंचेनं उजळतं, चिंच म्हणजे आम्ल, एवढी अक्कल मला आली होती. मग हात दुखवत बसण्यापेक्षा खरं अॅसिडच का नको? लाखनीच्या रस्त्यावर ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडून शाळेचं नाव सांगून मी बाटलीभर अॅसिड आणलं. भांडी घासायच्या दगडी कुंडीतल्या पाण्यात ते ओतलं आणि सगळ्यांत आधी आईचा गडवा बुडवला. शहाणपण उतू चाललं होतं, दुसरं काय!

हा पितळी तांब्या आजीनं आईला लग्नात दिलेला. काठाखाली टिंबाटिंबांनी आजीचं नाव कोरलेलं होतं. आजी आता नव्हती, तिचा फोटोही कुणी काढला नव्हता. आईला वाचता येत नव्हतं. दर भाऊबीजेला ती मामाला याच गडव्यातून पाणी द्यायची आणि मामा ते नाव मोठ्यानं वाचूनच पाणी प्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडवा बाहेर काढला, तर पिवळ्याचा तांबडालाल झालेला. माझी पाचावर धारण बसली. आई शेतातून यायच्या आत मी राख आणि विटेची भुकटी घेऊन तो जीव खाऊन घासला. लाली गेली, पिवळा रंग आला. पण आधीच झिजलेली टिंबंही माझ्या घासण्यात गेली. पाच अक्षरांपैकी शेवटची दोन तेवढी उरली.

आईनं कुंडीतला वास घेतला आणि सगळं ओळखलं.

"चिच लावतेत न् लगेच धुतेत वं. तू त लोणच्यावानी मुराले ठेवलं."

मग तिनं काठाखालून बोट फिरवलं. "नाव आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. अर्धं खरं होतं.

भाऊबीजेपर्यंत माझ्या घशाखाली करंजी उतरली नाही. मामाच्या तोंडून आईला कळणार, हेच डोक्यात. ओवाळून झालं, आईनं गडवा पुढे केला आणि नेहमीसारखी म्हणाली, "वाच."

मामानं गडवा उजेडाकडे फिरवला. अंगठा काठावरून सरकला आणि थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

मग त्यानं आजीचं नाव वाचलं. पाचही अक्षरं, अगदी सावकाश, गडव्यावरची नजर न हलवता. आईनं पदरानं डोळे टिपले आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.