बारवेच्या वाटेवरचा केशरी बाण

अण्णांना कसलाही दृष्टांत झाला नव्हता.

बारवेच्या वाटेवरचा तो देव मी रंगवला आहे. ऑइलपेंटने.

हे लिहायची वेळ आली कारण परवा गावच्या ग्रुपवर मेसेज फिरला. "अण्णांना स्वप्नात दिसलेल्या देवाचं मंदिर, त्यांच्या वर्षश्राद्धाला संकल्प." सोबत मंडपाचं ड्रॉइंग. चार खांब. त्यातले दोन थेट वाटेत.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. म्हणून आजच, आणि सरळ सांगते.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: निफाडच्या बाजूला, गोदाकाठच्या एका जुन्या गावात त्यांचा फुलमळा होता. नाशिकच्या बाजारात झेंडू-शेवंती घेऊन यायचे. मी तेव्हा नाशिकला शाळेत विज्ञान शिकवायचे. दसऱ्याला फुलं घेताना ते म्हणाले, "बाई, पोरांना घेऊन या की एकदा. आमचं गाव लय जुनं हाय."

गेलो. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या त्या रविवारच्या फेऱ्या पुढे दहा-बारा वर्षं चालल्या. सकाळची एसटी, कॉलनीतली चार-पाच कुटुंबं, आज्या, कडेवरची पोरं.

वेस, नदीचा घाट, वीरगळ आणि शेवटी बारव. पायऱ्या उतरून गेलं की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा यायचा.

अण्णांचा नियम एकच. सगळ्यात हळू चालणारा पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे.

माझ्यासारखीला हे जड जायचं. मी घड्याळ बघून चालणारी बाई.

एका रविवारी एक कुटुंब मागे रेंगाळलं आणि चुकून कुणाच्या तरी द्राक्षबागेत शिरलं. मालकाने सगळ्यांना भरपूर ऐकवलं. मी ठरवलं, वळणावळणावर बाण काढायचे. घरी गेटसाठी आणलेला केशरी रंग उरला होता.

अण्णा म्हणाले, "बाई, पांढरा घ्या. भगवा नको."

"पांढरा लांबून दिसत नाही."

"भगवा लय लांबून दिसतो. त्येच म्हणतोय."

मी ऐकलं नाही. बारवेच्या वळणावरच्या मोठ्या दगडावर चांगला ठसठशीत बाण काढला.

तिसऱ्या रविवारी त्या दगडाला हार. खाली नारळ.

"अण्णा, हा झेंडू तुमच्या मळ्यातला आहे."

"मी नाय घातला. विकला मातर मीच."

मी रॉकेल आणि चिंधी घेऊन निघाले. विज्ञानाची शिक्षिका आणि दगडाला देव केला! अण्णांनी हात जोडले. "आठ दिस थांबा."

त्याच आठवड्यात शेजारची जमीन शहरातल्या एका माणसाने घेतली होती. तारेचं कुंपण थेट बारवेच्या तोंडाशी येणार होतं. ती वाट कुठल्याच कागदावर नव्हती. पण दगडाजवळ खड्डा खणायला एकही मजूर तयार होईना. शेवटी मालकाने स्वतःच कुंपण मागे घेतलं, नमस्कार केला आणि गेला.

वाट राहिली.

"आता मी हाय तवर बोलू नका, बाई," अण्णा म्हणाले.

मी नाही बोलले. पोरं विचारायची, "हा कुठला देव?" अण्णा सांगायचे, "वाटेचा." मी घड्याळाकडे बघायचे. सोमवारी वर्गात अंधश्रद्धेवर बोलायचे आणि दरवेळी त्या दगडाचं उदाहरण तेवढं गाळायचे. पुढे फेऱ्या थांबल्या. ते ओझं नाही उतरलं.

आज सकाळी नऊला त्यांच्या अंगणात पोचले. श्राद्धाला माणसं जमली होती. मंदिराचा उत्साह ज्याला होता तो त्यांचा पुतण्या, प्रमोद, ड्रॉइंग घेऊन उभा. मी चप्पल काढायच्या आधीच बोलून टाकलं.

"तो दगड मी रंगवलाय. तो देव नाही. बाण आहे."

अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शेवंती निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या दिसापासून. देवाच्या अंगावर बाण कोण काढतं, बाई? आन् शेंदूर नखानं निघतो. ह्यो निघंना."

"मग हार का घालत होतात?"

"तुम्हाला वाट नको होती व्हय?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. हे सगळ्यांना माहीत आहे, हे माहीत नसलेली मी एकटीच होते.

प्रमोद म्हणाला, "काकू, मग मंडपाचं काय करू?"

"खांब वाटेत रोवायचे व्हते तर त्या तारवाल्याला कशाला अडवला? गुंडाळ त्यो कागद."

त्याने गुंडाळला.

श्राद्ध आटोपल्यावर बारवेच्या वळणावर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या दगडासमोर घड्याळ न बघता उभी राहिले. बाणाचं टोक अजून दिसतं. थोडं वाकडं आहे. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मग आम्ही सगळे बारवेपर्यंत गेलो. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सगळ्यात पुढे.

अण्णा, तुमचा शब्द तुम्ही असेपर्यंत पाळला, आणि वर एक वर्ष. आता मी मोकळी. तुम्हीही निवांत असा.

आज वहिनींच्या हाती दिलं ते असं: फेरीत पोरांना वाटायचे त्या माहितीच्या कागदांचा एक गठ्ठा. अण्णा माझ्याकडे विसरले होते ती काठी. रंगाचा डबा एक, आतला रंग वाळलेला. ब्रश एक.

डबा त्यांनी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "पुढच्या टायमाला पांढरा आणा."