वटपौर्णिमेआधीची आवराआवर

मृग लागायच्या आत घर आवरायचं, ही माझ्या सासूबाईंची रीत. अंगणातला उन्हाळी मांडव उतरवायचा, वाकळा नदीवर धुऊन आणायच्या, शेवया-पापड मडक्यांत भरून तोंडं बांधायची, जळणाच्या शेणी आडोशाला रचायच्या. जुनंपानं नको असेल ते देऊन टाकायचं. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी आमचं गाव. मोठी लढाई चालू होती आणि माझे मालक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. माघात मुलगी झाली, तिला त्यांनी पाहिलं नव्हतं.

फाल्गुनापासून त्यांची खबर बंद होती. "पलटण जंगलात आसंल, तिथं कुठलं टपाल," असं सासूबाई म्हणायच्या. तेवढ्या शब्दांवर मी दिवस काढत होते.

त्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "त्येची ट्रंक खाली घे. समदं बाहेर काढ."

दरवर्षी आम्ही ते कपडे उन्हात टाकून, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायचो. मी कोट, धोतरं, लग्नातला फेटा, सगळं बाजेवर पसरलं. पोरीला पाजून बाहेर आले, तर कोट आणि धोतरं वेगळी काढलेली.

"ही आपल्या गड्याला देऊया," त्या म्हणाल्या.

लढाईमुळं कापड मिळत नव्हतं. गड्याची दया आली असेल, असं मला वाटलं. मग त्यांनी मालकांच्या वहाणाही त्या ढिगावर ठेवल्या. आणि लग्नातला फेटा उचलून मधोमध फाडायला घेतला.

"आत्याबाई, आवं काय करताय?"

"पोरीला दुपटी लागत्याती." त्यांनी मान वर केली नाही.

"माझं लुगडं फाडा. ते आल्यावर बांधतील काय?"

मी फेट्याचं दुसरं टोक धरलं. त्या सोडेनात, मीही सोडेना. पाळण्यात पोर रडायला लागली, तरी आम्ही दोघी तशाच ओढत उभ्या.

"परवा वटपौर्णिमा हाय," मी म्हणाले. "त्यांच्या नावानं वडाला सूत गुंडाळायचं, आन् तुमी त्यांचा फेटा फाडताय व्हय?"

त्यांच्या हातातून फेटा सुटला. त्या खालीच बसल्या.

"तू वडाला जाऊ नगंस."

"का?"

"तो न्हाई आता, बाई."

शेजारच्या गावचा एक जवान मालकांच्याच पलटणीत होता. चैत्रात तो जखमी होऊन घरी आला, तेव्हा त्यानं नदीवर सासूबाईंना गाठून सांगितलं होतं. त्यांनी त्याला शपथ घातली आणि सासऱ्यांनाही कळू दिलं नाही. "तू वली बाळंतीण," त्या म्हणाल्या. "तुझं दूध आटलं आसतं. त्येचं ह्ये लेकरू येवढंच तर ऱ्हायलंय." सगळा उन्हाळा त्या माझ्यासमोर बसून शेवया वळत होत्या. न्हायल्यावर माझ्या कपाळाला कुंकू लावत होत्या.

माझा विश्वास बसला नाही. पोर कडेवर घेतली आणि ऐन उन्हात शेजारच्या गावाला चालत गेले. तो जवान सोप्यात बसला होता. एक हात गळ्यात बांधलेला. मला पाहून तो उठला.

"तुमी सोता बघितलं?" मी विचारलं.

"व्हय वैनी. मी शेजारीच हुतो."

"दुसरा कुणी आसंल. चिखलात, धुरात माणूस वळखू येत न्हाई."

"पाणी मागितलं त्येनं. मीच पाजलं."

मी पुन्हा तेच विचारलं. कितीदा विचारलं कोण जाणे. तो दर वेळी खाली बघून "न्हाई वैनी, त्योच हुता," म्हणायचा. शेवटी त्याच्या आईनं माझ्या हातातली पोर घेतली. माझ्या हातांत बळ उरलं नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.

परत आले तेव्हा सासरे उंबऱ्यात बसले होते. त्यांनाही आता कळलं होतं. कपडे अजून उन्हातच पडलेले. ते कुणी उचलले, कुठं गेले, मला आठवत नाही.

वटपौर्णिमेला गल्लीतून बायका ताटं घेऊन निघाल्या. सासरे हयात होते, म्हणून सासूबाईंना दारातून हाक आली. "माझ्यानं जाववत न्हाई," एवढं बोलून त्यांनी दार लोटलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

माझं दूध खरंच आटलं. पोर रडून रडून निळी पडायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मला ती जगावी असंही वाटत नव्हतं, मरावी असंही नाही. सासूबाईंनी शेळी आणली. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजत त्या दिवस दिवस मांडी मोडत नव्हत्या. ते गेल्याची सरकारी तार पावसाळ्यात आली, तेव्हा पोर बाळसं धरत होती आणि आम्ही दोघी भुईमूग टोकत होतो. सासऱ्यांनी बांधावरून सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि पुढची ओळ धरली. मीही त्यांच्या मागोमाग वाकले.