किमतीचा रकाना

काउंटरवर काहीही ठेवा, काका आधी खिशातून व्हर्नियर काढायचे. जाडी मोजायचं ते स्टीलचं माप. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला होता. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. मी चहाच्या कपाला छोटा म्हटलं, तर कपाचं तोंड मोजून म्हणाले, "ताई, अंदाजानं बोलू नका."

गारखेड्यातल्या आमच्या कुरिअरच्या खिडकीवर ते दर दोन-तीन दिवसांनी यायचे. पाठवायचं होतं एकच कार्ड. पूर्वी बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची, तुम्हीही जमवली असतील, त्यातलं एक. मुंबईत कुणी जाणकार अशी कार्डं भिंगाखाली तपासून दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. काकांना ते सील हवं होतं.

अडलं होतं विम्यापाशी. आमच्या फॉर्मवर वस्तूची किंमत लिहावी लागते. वाटेत गहाळ झालं तर तेवढीच भरपाई मिळते. रकाना कोरा असेल तर पाकीट जागचं हलत नाही.

"किंमत कळावी म्हणून तर पाठवतोय," काका म्हणाले. "तुम्ही ती आधीच विचारता व्हय?"

मी म्हटलं, पाच हजार लिहा. कशावरून, असं त्यांनी विचारलं. अंदाजे, असं मी म्हटल्यावर कुणी नापास माल पुढे सरकवावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जे मोजलं नाही त्याचा रकाना कोरा सोडायचा, हा कारखान्यातला नियम त्यांनी तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

मग ते रांगेतल्या लोकांना विचारू लागले. कॉलेजच्या एका मुलीने मोबाइलवर पाहून सांगितलं की चांगले गुण पडले तर लाखभर, नाहीतर चहापाण्यापुरते. बेंगळुरूला लेकाला लोणचं पाठवायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, आत बबलगम असेल तर वीस रुपये. काकांनी शांतपणे त्यांच्या बरणीचं झाकण चारी बाजूंनी मोजलं आणि ती गळणार असं जाहीर केलं. गृहस्थ तावातावाने पटवून द्यायला बरणी हलवू लागले. त्यानंतर मला काउंटर दोनदा पुसावा लागला.

अकरा फॉर्म वाया गेल्यावर मी वैतागले. एवढं काय आहे त्या कार्डात, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

कार्ड त्यांच्या मुलीचं होतं. लहानपणी तिने दोनशेच्या वर जमवली होती. सहामाहीत गणितात नापास झाली, तेव्हा काकांनी रागाच्या भरात सगळी पाणी तापवायच्या बंबात घातली. हे एक तिच्या गणिताच्या पुस्तकात खुणेला होतं, म्हणून वाचलं. आता माळा साफ करताना सापडलं. मुलगी पुण्यात नोकरीला. पंधरा दिवसांनी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवते.

"ती रडली नाय, ताई. पण पुन्हा कधी काय जमवलंच नाय तिनं. आता नुसतं कार्ड हातात देऊन काय सांगू? जाणकाराचं सील असलं तर वाटंल तिला, बापानं नीट सांभाळलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, काका, माल ज्याचा, किंमत त्यालाच विचारा ना. त्यांना हे सुचलंच नव्हतं. सुचलं असेलही, धीर झाला नसेल.

त्यांनी तिथूनच फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर. एक कार्ड राहिलं होतं, ते तपासायला पाठवतोय, किंमत किती लिहू, असं त्यांनी साहेबाला विचारावं तसं विचारलं.

 रांगेतले लोक फोनकडे सरकले.

"पप्पा, कोपरा दुमडलेलं?"

"व्हय."

"कुठं पाठवू नका ते. हरवलं तर? मी शनिवारी येते."

काकांनी माझ्यासमोरच डोळे पुसले. मग बारावा फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "मालकानं नाय म्हटलं, ताई," म्हणाले आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून निघाले.

त्यानंतर ते खिडकीवर आले नाहीत. पुढचे काही दिवस मला करमत नव्हतं, पण त्यांना यायचं कारणच उरलं नव्हतं.